मंडईत आधी उभं राहायला शिका: पुण्याच्या पेठांतल्या बाजारात फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

नवा कॅमेरा घेतलेला माणूस मंडईत शिरला की पहिल्या अर्ध्या तासात शंभर-दीडशे फोटो काढतो. घरी येऊन बघावं तर पाठमोरी डोकी, अर्धी कापलेली हातगाडी, मध्येच आलेली पिशवी आणि मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. गर्दीत नको असलेलं आपला डोळा आपोआप गाळून टाकतो, भिंगातून मात्र सगळंच्या सगळं आत येतं. त्यामुळे चालता चालता दिसेल ते टिपायची सवय इथे उपयोगी पडत नाही. जागा निवडायची, उजेड आणि मागची बाजू ठरवायची आणि माणसं येईपर्यंत तिथेच थांबायचं. खालच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

कुठून सुरुवात करायची

महात्मा फुले मंडईतूनच. १८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झालेली ही दगडी इमारत मधल्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती पसरली आहे. आत विक्रेते उंच ओट्यांवर भाजीच्या राशींमध्ये बसतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. शिकणाऱ्याला याचे दोन फायदे होतात. माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे चुकलेला फोटो पुन्हा घेता येतो. आणि छतामुळे उजेड फार झपाट्याने बदलत नाही, त्यामुळे एकदा बसवलेलं एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल याचं माप) अर्धा-पाऊण तास चालतं. जायला मेट्रो सगळ्यांत सोयीची. २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झालेल्या भुयारी टप्प्यावर मंडईचं स्थानक आहे, त्यामुळे गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जात नाही.

तुळशीबाग, बोहरी आळी, रविवार पेठेतल्या गल्ल्या, कसब्यातली तांबट आळी, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, ही सगळी ठिकाणं चांगलीच आहेत. पण तिथे उजेड, माणसं आणि मागची बाजू एकाच वेळी बदलत असते. मंडईत चार-पाच सकाळी काढल्याशिवाय तिकडे वळू नये.

वेळ आणि ऊन

मंडईसाठी सकाळी सात ते साडेनऊ. या वेळात माल लावणं, पाणी शिंपडणं, जुड्या बांधणं, वाटे लावणं चालू असतं. हातांना काम असतं आणि कॅमेऱ्याकडे बघायला कुणाला सवड नसते. दहानंतर गिऱ्हाईक वाढतं आणि ओट्यासमोर पाठींची भिंत उभी राहते.

उघड्यावरच्या बाजारात मात्र उन्हाचं गणित समजून घ्यावं लागतं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्यात सूर्य अजून पुरता वर आलेला नसतो. तो सर्वांत उंच येतो साधारण सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो, तेच शून्य सावलीचे दिवस. मे महिन्यातल्या दुपारी प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात, तेव्हा त्या वेळी उघड्यावर चेहऱ्यांच्या मागे लागू नका. डिसेंबरात याच्या अगदी उलट असतं. भर दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि सावली जवळजवळ माणसाइतकी लांब पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दिवसभर काम करता येतं, म्हणून सुरुवात शक्यतो याच काळात करा.

रस्त्याची दिशाही पाहा. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ऊन रस्त्याच्या लांबीने येतं. सूर्य समोर घेतला तर माणसांच्या कडा उजळतात, पाठीशी घेतला तर चेहरे स्वच्छ मिळतात. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दक्षिणोत्तर आहेत. तिथे सकाळी एका फुटपाथवर ऊन, तर दुसऱ्यावर दाट सावली असते. या दोन्हींच्या सीमारेषेवर उभं राहून उन्हात पाऊल टाकणाऱ्या माणसाची वाट पाहणं हा फार चांगला सराव आहे.

सोबत काय न्यायचं

कमीत कमी. सोबतच मिळणारं १८-५५ मिमीचं किट लेन्स असलेला साधा कॅमेरा किंवा चांगला फोन पुरे. लांबची झूम लेन्स घरी ठेवा. गर्दीत तिच्यासमोरून सतत कुणीतरी जातं, आणि दुरून लपून काढलेला फोटो लोकांना चोरीसारखाच वाटतो. बॅग लहान असावी आणि ती पुढे, पोटावर यावी. पाठीवरची बॅग वळताना कोथिंबिरीच्या ढिगाला लागते, शिवाय तिची चेन कधी उघडली ते कळत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटाला. एक जादा बॅटरी, लेन्स पुसायचं कापड, दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड आणि सुटे पैसे. सुटे पैसे कशाला, ते पुढे येईल.

कॅमेरा आधीच बसवून ठेवा

बाजारात शिरल्यावर मेनूत बोट घालायचं नाही. हे सगळं घरी करून निघा.

१. झूम १८ मिमीवर आणा आणि तिथेच ठेवा. झूम न होणारं भिंग असेल तर २८ किंवा ३५ मिमीचं घ्या. एकाच आकड्याची सवय झाली की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकटीत काय मावेल ते कळायला लागतं, आणि शिकण्याचा मोठा भाग हाच आहे.

२. अॅपर्चर एफ/८ (भिंगातून उजेड आत येण्याचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं), फोकस मॅन्युअल आणि त्याचं अंतर २ मीटर. किट लेन्सच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात १८ मिमीवर असं बसवलं की साधारण १ मीटरपासून थेट दूरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोकस शोधत बसण्याची गरजच उरत नाही. किट लेन्सवर बहुधा अंतराचे आकडे नसतात. म्हणून घरी टेप लावून दोन मीटरवरच्या पुस्तकावर ऑटोफोकस करा, मग मॅन्युअलवर न्या आणि रिंगला हात लागणार नाही याची काळजी घ्या. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २८ मिमी असेल तर अंतर अडीच मीटर ठेवा, साधारण १.४ ते १० मीटर इतका स्पष्टतेचा पट्टा मिळतो. ३५ मिमीला तोच पट्टा १.७ ते ५ मीटर इतकाच उरतो.

३. शटर १/२५० सेकंद. चालणारा माणूस यात थांबतो. पाटी उचलून फेकणारा हात, उडणारं पाणी, तराजूत पडणारे कांदे यांना १/५०० लागतं.

४. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ऑटो, वरची मर्यादा ६४००. उन्हात तो सगळ्यांत खालच्या १००वर टेकेल आणि ऊन कडक असेल तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान करावं लागेल; उघड्या सावलीत ४००च्या आसपास येईल. मंडईच्या छताखाली एफ/८ने भागत नाही. तिथे एफ/५.६ करा. आयएसओ ३२००पर्यंत चढेल, चढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. एफ/५.६ला स्पष्टतेचा पट्टा सव्वा ते सहा मीटर इतका होतो हे लक्षात असू द्या.

५. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा काळोखा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, फुलकोबी यांचे पांढरे भाग एकदा जळले की परत येत नाहीत. सावली थोडी उजळता येते.

६. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. याचं कारण ताडपत्री. निळ्या किंवा पिवळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात आणि कडेने साधा उजेडही येत असतो. एकाच फोटोत दोन तऱ्हेचे प्रकाश आले की कोणतंही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) दोघांना पुरत नाही. रॉमध्ये बरंचसं सावरता येतं, पण खरा उपाय पायांचा आहे: दोन पावलं सरका आणि चेहऱ्यावर एकाच बाजूचा उजेड पडेल असं पाहा.

संध्याकाळी गाळ्यांवरचे एलईडी दिवे लागले की आणखी एक अडचण येते. फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो आणि वेगवान शटरमध्ये त्याचा एखादाच तुकडा सापडतो. शटर १/१०० किंवा १/५० करा, पट्टे जातात. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. त्यात पट्टे जास्त येतात. १/१००ला चालणारी माणसं थोडी हलणार. म्हणून दिव्यांच्या वेळी बसलेल्या विक्रेत्याला धरा आणि त्याच्यापुढून जाणारी गर्दी हलू द्या. मुद्दाम १/१५ करून खांबाला टेकून असा फोटो घेतला तर फारच छान येतो.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात: आधी लेन्स पुसा, बोटांचं तेल हेच धुरकट फोटोंचं पहिलं कारण. मुख्य १एक्स कॅमेरा वापरा, छताखाली अल्ट्रावाइड नको. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढून थोडा काळोख करा. पोर्ट्रेट मोडमध्ये लोंबकळणाऱ्या तराजूच्या साखळ्या अर्धवट पुसल्या जातात. नाइट मोडमध्ये चालणारी माणसं भुतासारखी होतात. दोन्ही बंद. आवाजाच्या बटणाने फोटो काढा, म्हणजे फोन दोन्ही हातांत घट्ट राहतो.

पहिला तास

पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पुढच्या बॅगेत ठेवून नुसती एक फेरी मारा. उजेड कुठून येतोय, कुणाच्या मागची भिंत साधी आहे, हमाल कोणत्या वाटेने गोण्या नेतात आणि कुठे वळतात, ते बघा. अशा तीन जागा मनात धरा.

मग एकीवर उभे राहा. खांबाच्या आडोशाला, गाळ्याचं तोंड न अडवता आणि हमालाच्या वाटेत न येता. "ओ, बाजूला!" ही हाक आली की आधी बाजूला व्हायचं, मग बघायचं. पाठीवर पन्नास किलो घेतलेल्या माणसाला थांबणं परवडत नाही. कॅमेरा डोळ्याला लावून मागे पाऊल टाकू नका. मागे हातगाडी असते, निथळती जमीन असते किंवा कुणीतरी खाली पथारी मांडलेली असते.

आता रिकाम्या चौकटीचाच फोटो काढा. कडेकडेने नजर फिरवा. मागे फ्लेक्स आहे का? त्यावरचा हसरा चेहरा खऱ्या माणसापेक्षा मोठा दिसतो आणि नजर तिकडेच जाते. पाटी आहे का? अक्षरं दिसली की माणूस आधी ती वाचतो. पाटीवरच्या मजकुराचा फोटोशी संबंध असेल तरच ती ठेवा. डोक्यातून खांब किंवा वायर उगवलेली दिसतेय का? एक पाऊल डावीकडे किंवा गुडघ्यात वाकून हे सगळं सुटतं. विक्रेते ओट्यावर उंच असल्याने मंडईत बरेचदा कॅमेरा वर धरावा लागतो आणि मागे दिवा किंवा उजेडाची खिडकी येते. तसं झालं तर चेहरा काळा पडतो. मग थोडं बाजूने या.

चौकट स्वच्छ झाली की थांबा. वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत लोक तुमच्याकडे बघतील, दहाव्या मिनिटाला तुम्ही तिथल्या खांबासारखे होता. या वेळात माणसांमधल्या फटींकडे लक्ष ठेवा. दोन डोकी एकमेकांवर आली की फोटो गेला. त्यांच्यात बोटभर मागची भिंत दिसली की तो उभा राहतो. नवख्याच्या हातून सर्वांत जास्त फोटो यामुळेच वाया जातात, फोकसमुळे नव्हे. हाताचं काम जिथे टोकाला पोचतं तो क्षण धरा: तराजूचा काटा बघायला मान वळते, जुडी झटकून पाणी उडतं, नोट आणि पिशवी एकाच वेळी हात बदलतात. दोन-तीन फोटो लागोपाठ घ्या, वीस नको. प्रत्येक फोटोनंतर पडद्याकडे बघायची सवय मोडा, पुढचा क्षण नेमका तेव्हाच निसटतो.

वीस मिनिटांत काही घडलं नाही तर दुसऱ्या जागी जा. तासाला दोन जागा, फार तर तीन.

माणसं

मंडई ही तिथल्या लोकांची कामाची जागा आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. भवानी होण्याआधी कुणासमोर कॅमेरा धरू नका. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी कुणी नुसताच फोटो काढायला उभं राहिलं तर ते आवडत नाही, आणि त्या भावनेचा मान ठेवलाच पाहिजे. जमलं तर आधी स्वतःच गिऱ्हाईक व्हा. सुटे पैसे त्यासाठी. पावशेर मिरची, मेथीची एक जुडी, पिशवी बरोबर असावी. फोटोच्या बदल्यात रोख पैसे मात्र देऊ नका. दिले की पुढच्या माणसाशी साधं बोलणं अवघड होऊन बसतं.

विचारायचं कसं? सरळ. "मावशी, एक फोटो काढू का? तुमचं काम चालू द्या." बहुधा प्रश्न येतो, "कशाला? पेपरात येणार का?" खरं उत्तर द्या: "नाही मावशी, शिकतोय." होकार मिळाल्यावर मावशी पदर सावरून ताठ बसतात. तो फोटोही मनापासून काढा आणि लगेच दाखवा. मग निघून जाऊ नका. पाच मिनिटांनी त्या पुन्हा कामाला लागतात आणि तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो.

गर्दीच्या सर्वसाधारण फोटोला दरवेळी विचारणं शक्य नसतं, पण कॅमेरा उघड असावा. कमरेच्या पातळीवर लपवून काढणं सोडा. लक्षात आलं की भांडण होतं आणि ते वाजवी असतं. कुणी हाताने नको म्हटलं तर मान हलवून कॅमेरा खाली. "काढला का? पुसा," असं म्हटलं तर त्यांच्यासमोर पुसा, वाद नको. फोनमध्ये पुसलेला फोटो 'अलीकडे डिलीट केलेले'मध्ये पडून राहतो, तिथूनही काढा.

तुळशीबागेत जास्त जपून राहायला हवं. तिथली गर्दी बहुतांश बायका-मुलींची आणि वाटा खांद्याला खांदा लागेल इतक्या अरुंद. पुरुषाने तिथे अनोळखी चेहऱ्यांवर कॅमेरा रोखणं त्रासदायकच ठरतं. बांगड्या लावणारे हात, भातुकलीची पितळी भांडी, दुकानदाराची हालचाल, वर राममंदिराचं शिखर, इतकं पुष्कळ आहे. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारूनच. दुपारी हातगाडीवर झोपलेल्या हमालाचा काढू नये. बुधवार पेठेतल्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत; दगडूशेठकडून आत वळताना तिथे कॅमेरा आणि फोन दोन्ही बॅगेत. त्या बायकांच्या ओळखीचा प्रश्न आहे, तिथे दुसरा विचार नको.

जुन्या बाजारात वस्तूंचे फोटो विचारून, आणि काही घेतल्यावर. तांबट आळीत आतल्या कामाचा फोटो परवानगीनेच. तिथे १/६० ठेवलं तर हातोडा पुसट येतो आणि तांब्यावरचे ठोके स्पष्ट राहतात.

पावसात आणि उत्सवात

पाऊस ही संधी आहे: ओल्या फरशीवरचे दिवे, ताडपत्रीवरून गळणाऱ्या धारा. प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून लेन्सचं तोंड बाहेर काढा आणि रबरबँडने घट्ट करा. थंड गाडीतून किंवा खोलीतून दमट हवेत आलात तर काचेवर वाफ धरते. पुसू नका, आतल्या काचांवरही ती असू शकते. बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. घरी गेल्यावर कॅमेरा पंख्याखाली, आणि नंतर सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात. पुण्याच्या पावसाळ्यात चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी लागते.

गणेशोत्सवात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाऊ नका. विसर्जन मिरवणूक मंडईपासूनच निघते आणि त्या दिवशी जागा निवडणं तुमच्या हातात राहत नाही. नंतर कधी गेलात तर लेन्स बदलू नका. गुलालाची बारीक पूड सेन्सरवर बसते, झूम आत-बाहेर करताना भिंगातही शिरते.

घरी आल्यावर

फाइली लगेच दोन ठिकाणी ठेवा. निवड मात्र आठवड्याने करा. ताज्या फोटोत त्या सकाळची आठवण मिसळलेली असते. दोनशेंतून पाच निघाले तर सकाळ चांगली गेली. आधी क्षितिज आणि खांब सरळ करा, मग कडेचं नको ते कापा, मग उजेड. भाजीचा फोटो कृष्णधवल करायची घाई नको. मंडईतली अर्धी गोष्ट रंगात असते. रंग गेल्यावर टोमॅटो आणि हिरवी मिरची जवळजवळ एकाच करड्या छटेची होतात.

विचारून काढलेल्या प्रत्येक फोटोची ४ x ६ इंची प्रत छापून पुढच्या खेपेला द्यायला न्या. यापेक्षा उपयोगी पडणारी वस्तू तुमच्या बॅगेत दुसरी नसेल, शेजारचा गाळेवाला स्वतःहून म्हणतो, "आमचा नाही काढला?" प्रतीच्या मागे गाळ्याची खूण लिहून ठेवा, नाहीतर चार जणांच्या प्रती घेऊन ओट्या-ओट्याने चेहरे शोधत फिरावं लागतं. त्या कागदाची मागची बाजू गुळगुळीत असते, पेन्सिल उमटत नाही आणि साधी शाई पुसते. परमनंट मार्करने लिहा, आणि पाच मिनिटं वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, नाहीतर खालच्या मावशींच्या चेहऱ्यावर वरच्या काकांच्या गाळ्याचा पत्ता उमटतो.